ताऱ्याची गाठ

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात छापखान्यांची नावे येतात, यंत्रांची येत नाहीत. १८३१ साली मराठी पंचांग छापणारे गणपत कृष्णाजी, ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’चा पहिला अंक काढणारे बाळशास्त्री जांभेकर, देवनागरी खिळ्यांना देखणेपण देणारे ‘निर्णयसागर’चे जावजी दादाजी ही नावे आम्ही वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो आणि विद्यार्थी ती उत्तरपत्रिकांत लिहीत आले. मात्र छापताना यंत्राचे चाक कशाने फिरत होते, माणसाच्या पायाने, वाफेने की विजेने, हा प्रश्न अभ्यासक्रमात कधी आला नाही. आम्हा तिघा मराठीच्या प्राध्यापकांपुढे तो आला तो अगदी रोकडा होऊन: एक जुनी ट्रेडल घरगुती विजेवर चालवायची कशी?

ट्रेडल हे छपाईच्या यंत्रांतले सर्वांत साधे यंत्र. जॉर्ज गॉर्डन नावाच्या अमेरिकन मुद्रकाने १८५० च्या दशकात त्याचा मूळ नमुना घडवला. खिळ्यांचा फर्मा उभा बसवायचा, त्याच्यासमोर कागद धरणारी लोखंडी पाटी, आणि शिंपल्याची दोन दळे मिटावीत तशी ही दोन अंगे दर फेऱ्याला मिटतात आणि उघडतात. मूळचे यंत्र पायाने चालवायचे, नावही त्यावरूनच पडले. पुढे त्याच्या जड चाकाला पट्टा लावून मोटर जोडली गेली आणि पायाला सुट्टी मिळाली. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, सभेची हस्तपत्रके आणि अधूनमधून एखाद्या स्थानिक कवीचा संग्रह याच यंत्रावर छापला गेला. ऑफसेट आणि संगणक आले तसे हे छापखाने एकेक करून मिटले.

आमच्या गावातला असाच एक छापखाना बंद झाला तेव्हा मालकांच्या चिरंजीवांनी ट्रेडल भंगारात किलोच्या भावाने घालण्यापूर्वी आम्हाला विचारले. अर्ध्या टनाहून जड असलेले ते धूड आमच्यापैकी एकाच्या घरामागच्या पडवीत येऊन बसले. सोबत चार केस खिळे, दोन स्टिक, आणि एक अश्वशक्तीची मोटर. पडवीत वीज होती, ती घरातली साधी, २३० व्होल्टची. मोटर होती थ्री फेज. घराला थ्री फेज जोडणी घ्यायची तर नवा मीटर, नवी केबल आणि दरमहाचा वाढीव आकार, तोही महिन्यातून दोन-तीन दिवस यंत्र फिरवण्यासाठी. तेव्हा ‘घरात जी वीज आहे तिच्यावरच मोटर फिरवू’ असे ठरले. ठरवणे सोपे होते.

*

मोटरच्या अंगावर एक पितळी पाटी होती. रंगाचे दोन थर आणि शाईचा एक थर खरवडल्यावर ती वाचता आली. एक अश्वशक्ती, ४१५ व्होल्ट, ५० सायकल, १.८ अँपिअर, आणि शेवटी एकच शब्द: स्टार. ताम्रपटाचे वाचन करणाऱ्याला प्रत्येक अक्षराशी थांबावे लागते, तसे त्या शेवटच्या शब्दापाशी आम्हाला पुढे पुष्कळ थांबावे लागले.

आधी थ्री फेज म्हणजे काय ते पाहू. कारखान्यात, शेतात आणि वायरमनच्या तोंडी ‘फेज’ हाच शब्द आहे. आपल्या परिभाषाकारांनी त्याला ‘कला’ म्हटले. थ्री फेज म्हणजे ‘त्रिकला’. मोटरला ‘चलित्र’ आणि कपॅसिटरला ‘धारित्र’. या शब्दांना हसण्याची आपल्याकडे पद्धत आहे आणि ‘चलित्र’ हा शब्द मोटर दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात उच्चारण्याचे धाडस आम्हीही करणार नाही. पण ‘कला’ या शब्दापाशी मात्र हसू थांबते. अष्टमीचा चंद्र आणि पौर्णिमेचा चंद्र हे दोन चंद्र नव्हेत, वेळेने वेगळ्या दिसणाऱ्या एकाच चंद्राच्या त्या कला आहेत. तीन तारांतून येणारी वीजही तशीच. तिन्हींत सारखीच लाट सेकंदाला ५० वेळा चढते आणि उतरते. फरक इतकाच, की दुसरी लाट पहिलीच्या मागे सेकंदाचा दीडशेवा भाग असते आणि तिसरी दुसरीच्या मागे तेवढीच. इंग्रजी शब्दही मुळात चंद्राच्या कलांवरूनच विजेत आलेला आहे. आपल्या परिभाषाकाराने त्याचे मूळ ओळखले आणि त्या मुळाला मराठीत जे नाव होते तेच दिले. शब्द चालला नाही, पण तो चुकीचा नव्हता.

तीन लाटांमधले हे अंतरच मोटर फिरवते. मोटरच्या पोटात तारांची तीन वेटोळी वर्तुळात मांडलेली असतात. एकाचे चुंबकत्व ओसरू लागते तोच पुढच्याचे चढते, मग त्याच्या पुढच्याचे. त्यामुळे चुंबकीय क्षेत्र गोल फिरत राहते आणि मधला लोखंडी गाभा त्याच्या मागे ओढला जातो. गॅलिलिओ फेरारिस आणि निकोला टेस्ला या दोघांनी १८८० च्या दशकात हे फिरते क्षेत्र स्वतंत्रपणे दाखवले. दोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की या जर्मनीत काम करणाऱ्या रशियन अभियंत्याने १८८९ साली थ्री फेजची साधी, दणकट मोटर घडवली, आणि १८९१ साली लाउफेन ते फ्रांकफुर्ट अशी १७५ किलोमीटर थ्री फेज वीज नेऊन जगाला तिची खात्री पटवली. आमच्या पडवीतली मोटर त्याच वंशातली. तिच्या आत घासणारा ब्रश नाही, झिजणारा स्विच नाही. वर्षानुवर्षे तिने शाई, कागदाची धूळ आणि पावसाळे सोसले होते.

घरगुती विजेत ही एकामागून एक येणारी लाट नसते. एकच लाट. तिच्याने क्षेत्र गोल फिरत नाही, जागच्या जागी वाढते, ओसरते आणि उलटते. जात्याच्या खुंट्याला एकाच रेषेत पुढे ढकलायचे आणि मागे ओढायचे, बाजूला अजिबात वळायचे नाही, असे केले तर जाते थरथरेल, फिरणार नाही. पण तेच जाते आधी कोणी फिरते करून दिले, तर त्याच ढकलण्या-ओढण्याने ते फिरत राहील, आणि ज्या बाजूला फिरवून द्याल त्या बाजूला. थ्री फेज मोटरला एकच फेज दिली तर नेमके हेच होते. ती गुणगुणते, तापते आणि जागची हलत नाही. पट्ट्याला हाताने हिसका दिला तर मात्र चालू लागते, डावीकडे किंवा उजवीकडे, तिला त्याचे काही सुखदुःख नसते. एकट्या लाटेत जोर असतो, दिशा नसते.

*

यावरचा तोडगा आम्हाला पुस्तकात सापडण्याआधी वर्गात सापडला. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात छापखान्यांचा विषय निघाला असता आम्ही ही अडचण सांगितली. मागच्या बाकावरची शेतकरी घरातली एक विद्यार्थिनी सहज म्हणाली, “सर, आमच्याकडे एक फेज गेली तरी कंडेन्सर लावून विहिरीवरची मोटर चालवतात की.” बाकीच्या चार-पाच जणांनी माना डोलावल्या. शेतीपंपांना थ्री फेज वीज ठरावीक तासच मिळते आणि त्यातही मध्येच एखादी फेज उडते. तेव्हा उभे पीक वाळू द्यायचे नसेल तर दोन तारांवर तिसरीचे काम भागवावे लागते. ही विद्या महाराष्ट्राच्या विहिरींवर पसरलेली आहे आणि ती कोणी वर्ग भरवून शिकवलेली नाही. त्यात मोटर जळण्याचे प्रमाणही कमी नाही, हेही त्या मुलीनेच सांगितले. “मग ती भरून आणायची,” ती म्हणाली.

तिच्या कंडेन्सरचे काम असे. विजेचा प्रवाह कंडेन्सरमधून गेला की त्याची लाट मूळ लाटेपासून सरकते. दोन तारा मोटरच्या दोन टोकांना थेट द्यायच्या आणि तिसऱ्या टोकाला त्यांतल्याच एका तारेतून कंडेन्सरमार्गे वीज द्यायची. आता तिसऱ्या वेटोळ्यात जी लाट पोचते ती खरी तिसरी कला नसते, पण वेळेने वेगळी असते. आणि फिरण्यासाठी तेवढे पुरते. कंडेन्सर एका तारेवरून काढून दुसरीवर लावला की मोटर उलटी फिरते. अवघ्या एका डबीने लाटेला दिशा येते.

येथे पाटीवरचा ‘स्टार’ हा शब्द आडवा आला. मोटरच्या तीन वेटोळ्यांना मिळून सहा टोके असतात. त्यांची जोडणी दोन प्रकारे होते. तिन्ही वेटोळ्यांची एकेक टोके एकत्र बांधली आणि उरलेल्या तिघांना वीज दिली, तर आकृती तीन पाकळ्यांच्या ताऱ्यासारखी दिसते, म्हणून स्टार. एकाचे शेपूट दुसऱ्याच्या डोक्याला असे वर्तुळाकार बांधले तर त्रिकोण होतो, म्हणून ग्रीक अक्षरावरून डेल्टा. ताऱ्यात ४१५ व्होल्ट दिले तरी प्रत्येक वेटोळ्याच्या वाट्याला त्याला तीनच्या वर्गमुळाने, म्हणजे १.७३ ने, भागून येणारे २४० व्होल्टच येतात. याचा अर्थ वेटोळी मुळातच घरगुती विजेच्या दाबाची होती. त्रिकोण केला की २३० व्होल्टवर त्यांना जवळपास त्यांच्या हक्काचा दाब मिळणार होता. प्रवाह मात्र १.८ ऐवजी तीन अँपिअरच्या वर जाणार होता, आणि घराच्या वायरिंगला तो सहज पेलणारा होता. ताऱ्यातच ठेवून २३० व्होल्ट दिले असते तर मोटरचा जोर जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर आला असता.

मोटरच्या डबीचे झाकण उघडले तर आत सहा नव्हे, तीनच टोके होती. उरलेल्या तिघांची गाठ कारखान्यातच मारून, दोऱ्याने बांधून, वार्निशात भाजून वेटोळ्यांच्या पोटात पुरलेली होती. त्या काळच्या लहान मोटरी अशाच येत. ज्याने ती घडवली त्याला ती गाठ पुन्हा कधी कोणी सोडवील असे वाटले नव्हते.

*

मग आम्हा तिघांत वाद झाला, आणि तो विजेचा राहिला नाही.

एकाचे म्हणणे होते की मोटर जशी आहे तशी बाजूला ठेवावी. नवी सिंगल फेज मोटर बाजारात मिळते, ती लावावी. जुन्या वस्तूच्या पोटात सुरी घालू नये. दुसऱ्याचे म्हणणे होते की न चालणारी मोटर कपाटात ठेवणे म्हणजे पोथी सोवळ्यात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवणे. तिची पूजा होते, वाचन होत नाही. तिसरा म्हणाला, गाठ सोडवायला हरकत नाही, पण सोडवणाऱ्याने मागे काय ठेवले ते महत्त्वाचे.

आमचा विषय मराठी असल्याने वाद ज्ञानेश्वरीवर गेला, हे सांगायला नकोच. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची संहिता शुद्ध केली. त्यांच्या हाती आलेल्या पोथ्यांत पाठांची सरमिसळ झाली होती आणि ग्रंथ वाचता यावा, त्याचे पारायण व्हावे, तो चालता राहावा, ही त्यांची गरज होती. ती गरज खरी होती, आणि आजही वारकऱ्याच्या मुखी ग्रंथ आहे तो त्यामुळेच. पण त्यांनी कोणत्या जागी कोणता पाठ काढून कोणता घातला, याची नोंद आपल्या हाती नाही. त्या शुद्धीच्या पलीकडे जाण्यासाठी पुढे राजवाड्यांपासून अनेकांना जुन्या पोथ्यांचा माग काढावा लागला. राजवाड्यांची ज्ञानेश्वरी १९०९ सालची. म्हणजे एका गाठीच्या आत काय होते हे पाहण्यासाठी तीनशेहून अधिक वर्षांनंतर पुन्हा खटपट. उलट, पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली सुरू होऊन १९६६ साली पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पाहावी. सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संहिता निवडली, पण नाकारलेला प्रत्येक पाठ पानाच्या तळाशी ठेवला. त्यांचा निर्णय ज्याला पटणार नाही त्याला त्याच पानावर परतीची वाट आहे.

तिसऱ्याचे म्हणणे आम्हाला पटले ते येथे. जुन्या वस्तूला हात लावावा की नाही हा प्रश्न पुष्कळदा चुकीच्या जागी विचारला जातो. न वापरता जपलेली वस्तूही बदलतेच; तिच्या बेअरिंगमधले ग्रीस गोठते, वेटोळ्यांत ओल शिरते, ती चालवणाऱ्या माणसांचे हात एकेक करून जातात. बदल टळत नसतो. तो उलटवता येईल असा करायचा की नाही, एवढे मात्र आपल्या हाती असते.

*

मोटर भरून देणाऱ्या कारागिराचे दुकान बाजारपेठेच्या टोकाला आहे. दारात शेतीपंपांच्या जळक्या मोटरींचा ढीग आणि हवेत वार्निशाचा वास. त्यांना आम्ही मामा म्हणतो. ते आम्हाला सर म्हणतात, आणि विजेबद्दल बोलताना ‘सर’ या शब्दात थोडी करुणा असते. त्यांनी मोटर उघडली, वेटोळी दिव्याखाली फिरवून पाहिली आणि म्हणाले, “तार जुनी आहे, पण माल चांगला. गाठ काढू. इन्सुलेशन कडकलं असेल तर मात्र तिथंच मोडेल, मग पूर्ण भरावी लागेल. चालेल?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिले. आमची सगळी पाठचिकित्सा त्या ‘चालेल?’ मध्ये आली होती. आम्ही हो म्हणालो.

त्यांनी वेटोळ्यांचा पुढे आलेला भाग गरम हवेने हळूहळू मऊ केला. बांबूच्या कामटीने दोरा सैल केला, कारण लोखंडाचे टोक लागले तर तारेवरचा मुलामा जातो. पिवळी पडलेली एक नळी दिसली. तिच्यात तिन्ही तारांची झाळलेली गाठ. ती कापायला अर्धे मिनिट लागले. पुढचे दोन तास त्या तीन टोकांना नवी मऊ वायर झाळणे, त्यावर नळ्या चढवणे, दोऱ्याने पुन्हा बांधणे आणि वार्निश घालणे यांत गेले. कोणते शेपूट कोणत्या डोक्याचे हे त्यांनी मीटर लावून तपासले आणि प्रत्येक वायरीला खुणेचे छल्ले अडकवले. दुसऱ्या दिवशी मेगरने तारा आणि लोखंडी अंग यांच्यामधला रोध मोजला. तो पुरेसा भरला. डबीत सहा खुंट्यांची नवी पाटी बसली. तिच्यावर पितळी पट्ट्या आडव्या लावल्या की तारा, उभ्या लावल्या की त्रिकोण. ज्या दिवशी ही मोटर पुन्हा एखाद्या थ्री फेजच्या घरी जाईल, त्या दिवशी पट्ट्या आडव्या करायला पाच मिनिटे पुरतील.

मामांनी तेथेच ५० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावून मोटर फिरवून दाखवली. फिरली, पण तिच्या अंगात एक कंप होता. कारण त्यांनी सांगितले ते असे: कंडेन्सर एका ठरावीक ओझ्यालाच बरोबर बसतो. ओझे कमी झाले की एका वेटोळ्यात प्रवाह जास्त होतो आणि ते तापते. जास्त झाले की जोर अपुरा पडतो. पाण्याच्या पंपाचे ओझे तासन् तास सारखे असते, तिथे हे निभते. ट्रेडलचे ओझे दर फेऱ्याला बदलते. पाटी फर्म्यावर मिटते तेव्हा ते एकदम वाढते, उघडते तेव्हा नाहीसे होते. जड चाक हा चढउतार पुष्कळसा अंगावर घेते, तरी मोटरचा पुरा जोर मिळत नाही. दोन तृतीयांशाच्या आसपास धरून चालावे. शिवाय वीज बंद केल्यावरही कंडेन्सर काही काळ भरलेला राहतो आणि हात लावणाऱ्याला झटका देतो. “पोरं हाताळणार असतील तर ड्राइव्ह लावा,” मामांनी स्वतःच सुचवले, स्वतःची विक्री बाजूला ठेवून.

ड्राइव्ह ही हातभर उंचीचीही नसलेली पेटी. ती घरातली वीज घेते, तिची एकदिश वीज करते, आणि सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून तिच्यातून तीन लाटा नव्याने घडवते. कंडेन्सर मिळालेल्या लाटेला जरासे सरकवतो. ड्राइव्ह तिन्ही लाटा स्वतः रचते. तिची किंमत कंडेन्सरच्या कितीतरी पट, पण तिच्याने दोन गोष्टी साधल्या. मोटर हलक्याने सुरू होते, आणि वेग कमी करता येतो. तासाला हजाराहून जास्त कागद छापण्याची आम्हाला घाई नाही. मिटणाऱ्या लोखंडात पहिल्यांदाच हात घालणाऱ्या विद्यार्थ्याला दोन ठशांमध्ये श्वास घेता यावा, ही घाई आहे. वेग कमी ठेवला की मोटरचा स्वतःचा पंखाही मंदावतो, म्हणून अर्ध्या तासाने तिला थांबवतो. परवानाधारक वायरमनकडून वेगळी तार, अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर बसवून घेतला. छापणाऱ्याच्या हाताशी लाल बटण आहे. ते दाबल्याखेरीज फर्म्याला हात लावायचा नाही, हा पडवीतला पहिला नियम.

ज्या छापखान्यातून ट्रेडल आली तिथे आयुष्यभर ती चालवलेले नाना, आता निवृत्त, यंत्र पाहायला आले. पट्टा बोटाने दाबून पाहिला, रोलरवर हात फिरवला. यंत्र चालू झाल्यावर बराच वेळ ते डोळे मिटून ऐकत राहिले. “आवाज तो नाही,” ते म्हणाले. ड्राइव्हवर चालणारी मोटर बारीक शीळ घालते. त्यांच्या काळी ती घुमायची. मग त्यांनी डोळे उघडले, उजव्या हाताने कागद लावला, डाव्याने काढला, पुन्हा लावला, आणि आमच्या विद्यार्थिनीला म्हणाले, “पाटीकडे नको बघूस. कानानं मोज. ती मिटायच्या आधी चाक थोडं जड होतं, ते ऐकू येतं.” तिला दहाव्या-बाराव्या कागदाला ते ऐकू आले. आम्हाला अजून आलेले नाही.

तो आवाज परत आणता येणार नाही आणि तो आणला असा दावाही आम्ही करत नाही. पण चाक जड होतानाचा बदल शिळेतूनही ऐकू येतो, आणि तो ऐकणारे एक नवे माणूस आता आहे.

मोटरच्या डबीच्या झाकणाला आतून आम्ही एक कागद चिकटवला आहे. त्याच ट्रेडलवर छापलेला, त्याच केसांतल्या खिळ्यांनी. त्यावर मूळची जोडणी ताऱ्याची होती, गाठ कोणत्या बाजूला होती, ती कोणत्या दिवशी सोडवली, सहा टोकांच्या खुणा काय आणि पट्ट्या आडव्या करून तारा परत कसा बांधावा, एवढेच आहे. मजकूर आठ ओळींचा. जुळवायला दोन संध्याकाळी लागल्या, आणि मुद्रिते मामांनी तपासली.